रक्तस्तंभक पट्ट्या आणि किरकोळ जखमांवरील प्रथमोपचार : एक विवेचन

सारांश : जखमेतील रक्त लवकर गोठावे यासाठी तयार केलेल्या रक्तस्तंभक पट्ट्या आता औषधांच्या दुकानातही मिळतात. युद्धभूमीवरील गरजेतून पुढे आलेल्या या साधनांचा किरकोळ जखमांसाठी कितपत उपयोग आहे, त्यांचे कार्य कसे चालते व त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : रक्तस्राव, रक्तक्लथन, रक्तस्तंभक पट्टी, चिटोसन, केओलिन, प्रथमोपचार.

प्रस्तावना :

प्रयोगशाळेत काचनळी फुटून बोट कापणे, क्रीडांगणावर गुडघा फुटणे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात श्रमदान करताना हाताला कोयता लागणे हे प्रसंग कोणत्याही महाविद्यालयास नवीन नाहीत. अशा वेळी डॉक्टर नव्हे, तर प्राध्यापक जवळ असतात. रक्त पाहून गोंधळ उडतो आणि कोणी हळद, कोणी चहाची पूड, कोणी तंबाखू, तर कोणी चक्क माती जखमेवर दाबतो. मातीत व शेणात धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात. म्हणजे थोडे रक्त वाचविण्यासाठी जीव धोक्यात घातला जातो. म्हणूनच रक्त कसे थांबते आणि ते थांबविण्यास पट्टी कशी साहाय्य करते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

रक्त थांबण्याची नैसर्गिक प्रक्रिया :

प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्वचा कापली गेली की प्रथम तेथील रक्तवाहिनी आकुंचन पावते. त्यानंतर रक्तातील बिंबिका, म्हणजेच प्लेटलेट्स, कापलेल्या कडेला चिकटतात व एकमेकींना बिलगून तात्पुरते बूच तयार करतात. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्यांची संख्या साधारणतः दीड ते साडेचार लाख असते. याच सुमारास क्लथन घटकांची साखळी सुरू होते. एक घटक दुसऱ्यास जागृत करतो, त्यासाठी कॅल्शियम लागते आणि अखेरीस फायब्रिनचे धागे विणले जाऊन बूच पक्के होते. लहान जखमेत हे सर्व काही मिनिटांत घडते. बाहेरून दिलेला स्थिर दाब हा या प्रक्रियेचा सर्वांत मोठा साहाय्यक होय. दाबामुळे रक्ताचा प्रवाह मंदावतो आणि नुकतेच तयार झालेले बूच वाहून जात नाही.

पूर्वपरंपरा :

रक्तस्तंभनाचा विचार भारतात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात संधान, स्कंदन, पाचन आणि दहन असे चार उपाय सांगितले आहेत. तुरट द्रव्यांनी जखम सांधणे, शीत उपचारांनी रक्त घट्ट करणे, भस्माचा वापर करणे आणि हे निष्फळ ठरल्यास डाग देऊन शिरा आकुंचित करणे, असा त्यांचा आशय आहे. केशकर्तनालयातील तुरटी याच विचाराचे घरगुती रूप होय. तुरटीतील ॲल्युमिनियमच्या क्षारामुळे प्रथिने साखळतात व सूक्ष्म वाहिन्या आकुंचन पावतात. परंतु एकच खडा अनेकांच्या कापलेल्या त्वचेवर फिरविल्यास कावीळ ब सारख्या रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा धोका संभवतो.

पट्ट्यांचे प्रकार व कार्य :

समुद्री तपकिरी शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट १८८० च्या दशकात ज्ञात झाले. कॅल्शियम अल्जिनेटची पट्टी जखमेतील स्राव शोषून घेते, त्यातील सोडियमच्या बदल्यात कॅल्शियम देते आणि स्वतः मऊ जेलसारखी होते. १९४० च्या दशकात ऑक्सिडीकृत सेल्युलोज व जिलेटिनचा स्पंज शस्त्रक्रियागृहात आले. दात काढल्यानंतरच्या खाचेत जिलेटिनचा स्पंज आजही ठेवला जातो.

या क्षेत्राला खरी गती मिळाली ती अफगाणिस्तान व इराकमधील युद्धांच्या काळात. झिओलाइट या खनिजाच्या कणांचा रक्तस्तंभक म्हणून वापर करण्यास अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली. हे कण रक्तातील पाणी झपाट्याने शोषून घेत व उरलेल्या रक्तात पेशींचे आणि क्लथन घटकांचे प्रमाण वाढवीत. मात्र या क्रियेत उष्णता निर्माण होऊन काही जखमींची त्वचा भाजली. त्यामुळे २००८ पासून अमेरिकी सैन्याच्या उपचारपद्धतीत केओलिनयुक्त जाळीदार पट्टीला प्राधान्य मिळाले. केओलिन ही चिनी मातीची भांडी घडविण्यासाठी वापरली जाणारी पांढरी माती होय. तिच्या ऋणभारित पृष्ठभागाशी संपर्क येताच क्लथन घटक १२ जागृत होतो आणि पुढील साखळीला चालना मिळते. यात उष्णता निर्माण होत नाही. ही माती शुद्ध व निर्जंतुक केलेली असते. शेतातील मातीशी तिची गल्लत करता कामा नये.

चिटोसनची पट्टी वेगळ्या तत्त्वावर चालते. कोळंबी व खेकडे यांच्या कवचातील कायटिनवर प्रक्रिया करून चिटोसन तयार करतात. त्यावर धनभार, तर तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो. परस्पर आकर्षणामुळे पेशी पट्टीला चिकटतात व जखमेचे तोंड बंद होते. ही क्रिया प्रामुख्याने क्लथन घटकांवर अवलंबून नसते, हे तिचे वैशिष्ट्य होय.

किरकोळ जखमांतील उपयोग :

निरोगी विद्यार्थ्याचे बोट कापले असता स्वच्छ कापड व दाब एवढेच बहुधा पुरेसे ठरते. विशेष पट्टीने रक्त थोडे लवकर थांबेल इतकेच. तिचा खरा लाभ होतो तो ज्यांचे रक्त सहजासहजी थांबत नाही अशांना. ॲस्पिरिनमुळे बिंबिकांच्या कार्यात आलेला अडथळा त्या बिंबिका जिवंत असेपर्यंत, म्हणजे ७ ते १० दिवस, टिकतो. वॉरफॅरिनमुळे काही क्लथन घटकांची निर्मिती घटते. हृदयविकारासाठी अशी औषधे घेणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्याची दाढी करताना झालेली जखमही बराच वेळ वाहत राहते. अशा व्यक्तींना चिटोसनची पट्टी विशेष उपयुक्त ठरते. डायलिसिसनंतर सुई काढलेल्या जागीही अशा पट्ट्या वापरल्या जातात.

वापराची पद्धत :

हात धुवून शक्यतो हातमोजे घालावेत. जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावी. पट्टी थेट रक्त येणाऱ्या जागी ठेवून वेष्टनावर सांगितलेल्या वेळेपर्यंत सलग दाबून धरावी. साध्या कापडासाठी हा काळ किमान १० मिनिटांचा असावा. रक्त थांबले की नाही हे पाहण्यासाठी पट्टी वारंवार उचलणे ही सर्वांत सामान्य चूक होय, कारण त्यामुळे नवे बूच निघून येते. नंतर पट्टी ओली करून हलकेच काढावी. कोळंबी-खेकड्यांची ॲलर्जी असल्यास चिटोसनच्या वेष्टनावरील सूचना आधी वाचावी.

मर्यादा :

पट्टी रक्त थांबविते, जंतुसंसर्ग टाळण्याची हमी देत नाही. धनुर्वाताच्या लसीचा विचार स्वतंत्रपणे करावाच लागतो. कुत्रा चावल्यास जखम साबण व पाण्याने १५ मिनिटे धुवावी, ती घट्ट बांधू नये आणि रेबीजच्या लसीसाठी त्वरित रुग्णालय गाठावे. घोणस चावल्यावर जखमेतून रक्त झिरपत राहते ते विषामुळे क्लथन घटक संपल्याने. तेथे पट्टी नव्हे, प्रतिविषच हवे. उसळून येणारे रक्त, खोल घाव, आत रुतलेली काच किंवा १५ ते २० मिनिटांच्या दाबानंतरही न थांबणारा स्राव या बाबी किरकोळ समजू नयेत.

निष्कर्ष :

१. रक्तस्तंभक पट्टी ही दाबाला पर्याय नसून दाबाची जोड आहे.
२. केओलिन शरीरातील क्लथन साखळीस गती देते, तर चिटोसन तिच्यावर फारसे अवलंबून राहत नाही. म्हणून पट्टी निवडताना जखमेइतकाच जखमी व्यक्तीचाही विचार करावा.
३. महाविद्यालयाच्या प्रथमोपचार पेटीत निर्जंतुक जाळीदार कापड व हातमोजे प्रथम असावेत. मुदत तपासलेल्या दोन-चार रक्तस्तंभक पट्ट्या त्यानंतर ठेवाव्यात.
४. पेटीपेक्षाही महत्त्वाचा आहे तो न घाबरता दहा मिनिटे दाब धरून ठेवणारा हात. प्रत्येक विभागातील किमान एका प्राध्यापकास व प्रयोगशाळा परिचरास तसा सराव देणे हे कमी खर्चाचे आणि निश्चित फलदायी कार्य ठरेल.