सी हॅरियर मळवताना

भारतीय नौदलात सी हॅरियर १९८३ ते २०१६ या काळात उडालं. गोव्यातला दाबोळीचा ‘आयएनएस हंसा’ हा त्याचा तळ. साडेचौदा मीटर लांबीच्या या विमानाचं १:४८ प्रमाणातलं मॉडेल जेमतेम तीस सेंटिमीटरचं होतं. भाग चिकटवणं, फटी पुटीनं बुजवणं, पॉलिश पेपरनं घासणं हे काम चिकाटीचं, पण सरळ आहे. खरा कस लागतो तो विमान वापरातलं दिसावं यासाठी.

आधी ॲक्रिलिक रंग, त्यावर चकचकीत वार्निश. विमानावरची चिन्हं या वार्निशवरच चिकटवायची; खरखरीत रंगावर चिकटवली तर खाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात. मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला गडद तैलरंग पत्र्यांच्या सांध्यांत सोडायचा, वर पसरलेला पुसून घ्यायचा. शेवटी मॅट वार्निश.

मळवायचं कुठे, हे मात्र इंजिन सांगतं. हॅरियरच्या इंजिनाला फिरणारी चार तोंडं असतात. पुढच्या दोनमधून तुलनेनं थंड हवा येते, मागच्या दोनमधून तप्त ज्वलनवायू. म्हणून काजळी मागच्या जोडीपाशीच हवी. चारही सारखी काळवंडली तर जाणकाराला लगेच खटकतं.

खाऱ्या हवेमुळे नौदलाची विमानं गोड्या पाण्यानं वारंवार धुतात, रंग उडाला की तेवढ्याच जागी नवा लावतात. त्यामुळे सरसकट धुळीपेक्षा किंचित वेगळ्या छटेची छोटी ठिगळं जास्त खरी वाटतात. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर तांबडा गंज तर कधीच रंगवू नये. तिथे खारेपणानं पांढुरकी भुकटी येते.