सैनिकी वाहनचमूच्या लघुमूर्ती

सैनिकी वाहनांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृतींमध्ये चालक, सहचालक, तोफची किंवा वाहून नेले जाणारे सैनिक म्हणून बसविण्यासाठी घडविलेल्या मानवाकृतींना वाहनचमूच्या लघुमूर्ती म्हणतात. प्रतिकृतिकलेच्या छंदात त्यांना स्वतंत्र स्थान आहे. प्रस्तुत नोंदीत दुसऱ्या महायुद्धातील (१९३९–४५) ब्रिटिश मालमोटारींसाठी तयार होणाऱ्या मूर्तींचा मुख्यत्वे विचार केला आहे. वाहनाचा आकार, त्याचा उपयोग व ते चालविणाऱ्यांचे श्रम या तिन्हींचे आकलन पाहणाऱ्यास मूर्तीमुळे होते. रिकाम्या आसनाची मालमोटार कितीही बिनचूक असली, तरी ती केवळ यंत्राची प्रतिकृती ठरते.

ऐतिहासिक आढावा : आधुनिक सैनिकमूर्तींच्या प्रसारास विल्यम ब्रिटन (कनिष्ठ) यांनी १८९३ मध्ये इंग्लंडमध्ये प्रचारात आणलेल्या पोकळ ओतकामाच्या पद्धतीने मोठी चालना मिळाली. साच्यात ओतलेला शिशाच्या मिश्रधातूचा रस बाहेरून गोठताच आतील रस ओतून टाकण्यात येई. त्यामुळे धातू कमी लागून मूर्ती हलकी व स्वस्त होई. या मूर्तींची सु. ५४ मिमी. ही उंची पुढे एक मान्य प्रमाण बनली. ब्रिटिश सैन्याचे यांत्रिकीकरण होऊ लागल्यावर खेळण्यांतही मालमोटारी आल्या व त्यांच्यासोबत बसलेला चालकही आला. शिसे विषारी असल्यामुळे १९६० नंतरच्या दशकात शिशाच्या खेळण्यांचे उत्पादन ब्रिटनमध्ये थांबले व प्लॅस्टिकने त्यांची जागा घेतली.

एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९५९ पासून लहान प्रमाणातील प्लॅस्टिकच्या सैनिकमूर्तींचे संच विक्रीस आणले. मॉरिस क्वाड हा तोफ ओढणारा ट्रॅक्टर व त्याची २५ पौंडी तोफ, तसेच एईसी मॅटाडोर व तिची ५.५ इंची तोफ यांच्या तिने काढलेल्या जुळणी-संचांमुळे ब्रिटिश सैनिकी वाहने सामान्य छांदिष्टांच्या आटोक्यात आली. मोठ्या प्रमाणात जपानच्या तामिया कंपनीने क्वाड व २५ पौंडी तोफेचा संच, तसेच ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ या वाळवंटी टेहळणी पथकाची शेव्हरोले मालमोटार बाजारात आणली. असे असले, तरी रणगाड्यांच्या मानाने मालमोटारींकडे उत्पादकांचे लक्ष फार उशिरा वळले. बेडफर्ड क्यूएलसारख्या सर्वत्र वापरल्या गेलेल्या मालमोटारीचे मोठ्या प्रमाणातील प्लॅस्टिक संच एकविसाव्या शतकात उपलब्ध झाले. बसलेल्या चालकांच्या मूर्ती पुरविण्याचे काम बऱ्याच अंशी लहान कार्यशाळांकडे राहिले.

प्रमाण : मूर्ती व वाहन एकाच प्रमाणात असणे ही पहिली अट होय. १७३ सेंमी. उंचीच्या मनुष्याची मूर्ती १/७६ प्रमाणात सु. २३ मिमी., १/७२ मध्ये २४ मिमी., १/४८ मध्ये ३६ मिमी., १/३५ मध्ये ४९ मिमी. व १/३२ मध्ये ५४ मिमी. उंच भरते. यांपैकी १/७६ हे प्रमाण ब्रिटनमधील खेळण्यातील रेल्वेच्या एका फुटास ४ मिमी. या मापावरून आले. १/३५ हे प्रमाण तामिया कंपनीच्या १९६०–७० च्या दशकारंभीच्या रणगाड्यावरून रूढ झाले. त्यात विद्युत् घट व चलित्र मावावे, म्हणून ते माप निवडण्यात आले होते. १/३२ व १/३५ यांतील फरक वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु ५४ मिमी.ची मूर्ती १/३५ च्या मालमोटारीत ठेवल्यास ती सु. १८९ सेंमी. उंचीच्या माणसाची होते आणि तिचे डोके छतास लागते. उभ्या मूर्तीत खपून जाणारी ही चूक बंदिस्त चालककक्षात लपत नाही.

वाहनप्रकार व मूर्तीची बैठक : वाहनानुसार मूर्तीची ठेवण बदलते. १५ हंड्रेडवेट (सु. ७६० किग्रॅ.) भारक्षमतेच्या बेडफर्ड एमडब्ल्यू या मालमोटारीच्या प्रारंभीच्या रूपात दारे नव्हती आणि चालकासमोर केवळ लहान वाताडी काचा होत्या. त्यामुळे चालक डोक्यापासून बुटापर्यंत दिसतो व त्याची मूर्ती संपूर्ण घडवावी लागते. याउलट, ३ टनी बेडफर्ड क्यूएलचा चालककक्ष एंजिनाच्या वर व बंदिस्त असून त्यात कमरेखालील भाग जवळजवळ झाकला जातो. तथापि आसनावरील बैठकीची उंची चुकल्यास डोळे काचेच्या रेषेत येत नाहीत. सहचालकाच्या बाजूस छतात गोल झडप असे. तीतून अर्धे शरीर बाहेर काढून आकाशाकडे लक्ष ठेवणारा, ब्रेन मशीनगनवर हात असलेला सैनिक ही या वाहनास अत्यंत स्वाभाविक अशी मूर्ती होय.

मॉरिस क्वाडमध्ये चालकाखेरीज २५ पौंडी तोफेचे तोफची बसत. त्याच्या कासवाच्या पाठीसारख्या उतरत्या कायेत एवढी माणसे दाटीने बसत असल्यामुळे मूर्तींचे खांदे व गुडघे एकमेकांत अडकतील अशा रीतीने त्यांची मांडणी आधीच ठरवावी लागते. कॅनडात ब्रिटिश विनिर्देशानुसार बनविलेल्या फोर्ड व शेव्हरोले मालमोटारींचे नाक आखूड असून एंजिन दोन आसनांमध्ये घुसलेले असे. त्यामुळे चालकाच्या पायांना जागा अपुरी पडे आणि मूर्तीचे पायही तसेच आवळून घ्यावे लागतात. वाळवंटी टेहळणी पथकाच्या शेव्हरोले मोटारींचे छत, दारे व समोरची मोठी काच काढून टाकलेली असे. तेथे चमू पूर्णपणे उघडा असून पाण्याचे व पेट्रोलचे डबे, अंथरुणे व दारूगोळा यांच्या ढिगात तो बसवावा लागतो.

ब्रिटिश मालमोटारींचे सुकाणूचक्र उजवीकडे असते, ही बाब विशेष लक्षात ठेवावी लागते. चालक डाव्या हाताने गतिबदल दांडा हलवितो व उजवा हात खिडकीबाहेर काढून वळण्याची खूण करतो. अमेरिकी जीपमधील चालकाची मूर्ती उचलून ब्रिटिश मालमोटारीत ठेवल्यास, गणवेश बदलूनही, तिचे हात उलटे पडतात. सुकाणूचक्र मूर्तीच्या हातांत आधी चिकटवून मग दोन्ही एकत्र बसविणे ही म्हणूनच अनुभवी कारागिरांची रीत आहे.

माध्यमे व घडण : मूर्ती चार प्रकारच्या माध्यमांत मिळतात. पॉलिस्टायरीन या कठीण प्लॅस्टिकचे भाग तप्त द्रव दाबाने पोलादी साच्यात भरून काढतात. हात, पाय, धड व डोके वेगवेगळे असल्याने बैठक बदलणे सोपे जाते. पॉलिएथिलीन या मऊ प्लॅस्टिकच्या मूर्ती स्वस्त व न तुटणाऱ्या असतात. पण त्यांवर रंग नीट धरत नाही. कथिलयुक्त पांढऱ्या धातूच्या मूर्ती जड व टिकाऊ असतात. रेझिनच्या मूर्ती सिलिकोन रबराच्या साच्यात ओतण्यात येतात; त्यांत कपड्यांच्या चुण्या व चेहरेपट्टी अधिक सूक्ष्म उतरते. अलीकडे संगणकावर घडविलेली मूर्ती प्रकाशसंवेदी रेझिनात त्रिमितीय मुद्रणाने थेट काढता येते. त्यामुळे एकाच चालकाची मूर्ती १/७६ पासून १/३५ पर्यंत कोणत्याही मापात मिळविणे शक्य झाले आहे.

तयार मूर्ती आसनात क्वचितच तंतोतंत बसते. मांड्यांचा खालचा भाग घासणे, कंबरेत काप देऊन धड मागे वा पुढे कलविणे आणि पडलेली फट दोन घटकांच्या इपॉक्सी लुकणाने भरून त्यावर चुण्या कोरणे, ही कामे बहुधा करावीच लागतात. बसलेल्या माणसाच्या शरीराचा भार आसनावर पडतो. आसनाची गादी दबलेली न दाखविल्यास मूर्ती तरंगल्यासारखी दिसते. रेझिन घासताना उडणारी बारीक धूळ श्वासावाटे जाऊ नये म्हणून ते ओले करून घासतात व तोंडावर आवरण बांधतात.

गणवेश व रंगकाम : युद्धाच्या काळाप्रमाणे व आघाडीप्रमाणे पोशाख बदलतो. यूरोपात १९३७ च्या नमुन्याचा, आखूड अंगरख्याचा खाकी लोकरी ‘बॅटलड्रेस’ रूढ होता. चालक त्यावर पुष्कळदा डेनिमचे ढगळ कपडे किंवा थंडीत बिनबाह्यांचे चामडी जर्किन घालीत. उत्तर आफ्रिकेत खाकी सुती सदरा व आखूड विजार वापरात होती, तर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १९४३ नंतर जंगली हिरव्या रंगाचे कपडे आले. पोलादी शिरस्त्राणाचा नवा नमुना १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीपासून दिसू लागतो. तेव्हा १९४० च्या डंकर्कच्या दृश्यात तो दाखविणे चूक ठरते. रॉयल आर्मी सर्व्हिस कोअर या पुरवठा व वाहतूक दलाच्या बाहीवरील पट्टी पिवळी-निळी असे.

गणवेशाचा खाकी व वाहनाचा तपकिरी किंवा हिरवा रंग जवळजवळचे असल्यामुळे मूर्ती वाहनात हरवून जाण्याचा धोका असतो. त्यासाठी मूळ रंगावर गडद पातळ रंग सोडून चुण्यांत सावली आणतात व उंचवट्यांवर फिकट रंग कोरड्या कुंचल्याने घासतात. चेहरा व हात शेवटी रंगवितात. चालककक्षाच्या अंधाऱ्या आतील भागात मूर्ती उठून दिसावी म्हणून तिच्या छटा उघड्यावरील मूर्तीपेक्षा किंचित उजळ ठेवतात. मूर्ती आत बसविल्यानंतर छत चिकटविण्याचा क्रम पाळला नाही, तर तीपर्यंत पुन्हा हात पोहोचत नाही.

संदर्भासाठी त्या काळची छायाचित्रे हा सर्वांत विश्वसनीय आधार होय. लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझीयममध्ये सैन्याच्या छायाचित्रकारांनी टिपलेला मोठा संग्रह आहे. त्यातील चालक ऐटीत बसलेला क्वचितच आढळतो. तो बहुधा थकलेला, धुळीने माखलेला किंवा चाकाखाली फळ्या घालताना दिसतो. मायदेशी पुष्कळ वाहने ऑक्झिलरी टेरिटोरियल सर्व्हिस या महिला दलातील चालिका चालवीत. पुढे राणी झालेल्या राजकन्या एलिझाबेथ यांनी १९४५ मध्ये याच दलात मोटार चालविण्याचे व दुरुस्तीचे शिक्षण घेतले. चालिकेची मूर्ती हा म्हणूनच कल्पनाविलास नसून वस्तुस्थितीचे चित्रण आहे.

भारतीय चालक : ब्रिटिश नमुन्याच्या मालमोटारींत बसलेल्या सैनिकांपैकी असंख्य भारतीय होते. युद्धाच्या अखेरीस सु. २५ लाखांवर पोहोचलेल्या भारतीय सैन्याची रसद व दारूगोळा वाहून नेण्याचे काम प्रामुख्याने रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरकडे होते. त्यातील अनेक चालक खेड्यांतून आलेले होते व मोटार त्यांनी प्रथम सैन्यातच हाती घेतली. उत्तर आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेश या आघाड्यांवर त्यांनी काम केले. १९४४ मध्ये वेढ्यात सापडलेल्या इंफाळला जोडणारा दिमापूर–कोहिमा मार्ग २२ जून रोजी पुन्हा खुला झाल्यावर पावसाळी घाटातून मालमोटारींच्या रांगा पुढे गेल्या. मराठा पलटणींतील नाईक यशवंत घाडगे व शिपाई नामदेव जाधव यांना ज्या इटलीतील लढायांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्या लढायांमागेही अशाच मालमोटारींनी केलेला पुरवठा होता.

तथापि बाजारातील मूर्तींमध्ये भारतीय चालक फार थोडे आढळतात. गोऱ्या चालकाच्या मूर्तीवर केवळ कातडीचा रंग बदलणे पुरेसे नसते. शीख चालकाची पगडी लुकणाच्या पातळ पट्ट्यांनी, प्रत्यक्ष बांधणीच्या क्रमाने थर देऊन घडवावी लागते. प्रत्येक भारतीय सैनिकास पगडी देणे हीदेखील चूकच होय. शिरोवेष्टन हे पलटण, समाज व आघाडी यांप्रमाणे बदलत असे व ते छायाचित्रांवरून पडताळून घ्यावे लागते. वाहनावरील विभागीय चिन्हही जुळले पाहिजे, उदा., चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड.

युद्धाच्या इतिहासात रणगाडा व तोफ यांना जे स्थान मिळते, ते भाकरी, पाणी, पेट्रोल व जखमी सैनिक वाहून नेणाऱ्या मालमोटारीस मिळत नाही आणि तिच्या चालकाचे नाव तर बहुधा कोठेच नोंदलेले नसते. अर्ध्या बोटाएवढी ही मूर्ती अभ्यासपूर्वक घडविताना कारागिरास त्या अनाम माणसाची उंची, त्याचे कपडे, त्याच्या हातांची ठेवण व त्याचा थकवा यांचा शोध घ्यावा लागतो. वाहनचमूच्या लघुमूर्तींचे महत्त्व मुख्यत्वे या शोधात आहे.