कच्चे टाके

शिंपी कोट बेततो तेव्हा आधी कच्चे टाके घालतो. तो अर्धवट कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून खांद्याशी चुणी कोठे पडते, बाही कोठे ओढते, हे तो पाहतो. आणि मग ते टाके उसवतो. ते उसवावयाचेच असतात, म्हणून त्यांना कोणी चूक म्हणत नाही. नवी वस्तू घडविणाऱ्यांच्या कामातही असाच एक टप्पा असतो. इंग्रजीत त्याला प्रोटोटाइप म्हणतात. आम्ही येथे कच्चा नमुना म्हणू. शोभेची प्रतिकृती पाहावयाची असते. नमुना वापरावयाचा असतो, आणि वापरून त्यातील उणीव शोधावयाची असते.

याचे एक चांगले उदाहरण आपल्याच वनप्रदेशात आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तेथे १९८६ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था काम करीत आहे. खेड्यांतील बालमृत्यूंची कारणे शोधताना न्यूमोनिया हे एक मोठे कारण आढळले. औषध उपलब्ध होते. अडचण होती ती रोग वेळेवर ओळखण्याची.

न्यूमोनिया झालेल्या मुलाचा श्वास जलद चालतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक आणि त्याहून मोठ्या मुलाचे ५० किंवा अधिक भरले, तर न्यूमोनियाचा संशय घ्यावा, असा ठोकताळा होता. ऐकावयास तो सोपा वाटतो. परंतु मुलाजवळ वेळेवर पोहोचणारी व्यक्ती म्हणजे गावची सुईण. तिला घड्याळ वाचता येत नव्हते, आणि मोजणी दहा-बाराच्या पुढे जात नव्हती.

अशा वेळी सुईणीलाच अपात्र ठरविणे सोपे होते. बंग दांपत्याने साधन बदलले. एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि त्याच्या जोडीला मण्यांच्या दोन ओळी, एवढेच ते साधन. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. तान्ह्या बाळाच्या ओळीत सहावा मणी लाल, मोठ्या मुलाच्या ओळीत पाचवा लाल. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजावयाचा. दहाच्या पुढचा हिशेब मण्यांनी सांभाळला. सुईणीची नजर मुलाच्या छातीवर राहिली.

आता असे साधन खोलीत बसून कितीही सुबक केले, तरी त्याची परीक्षा तेथे होत नाही. रडणाऱ्या मुलाचा श्वास मुळातच जलद चालतो. झोपडीत उजेड कमी असतो. आई घाबरलेली असते. शिंप्याला जसे गिऱ्हाइकाचे अंग लागते, तसा नमुन्याला वापरणाऱ्याचा हात लागतो. हे साधन सुईणींच्या हाती देऊन पारखले गेले, आणि त्याची माहिती १९९२ साली भारतीय बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सुईणींचे निदान १०० पैकी ८२ वेळा बरोबर आले.

गडचिरोलीतील न्यूमोनियाचे मृत्यू कमी झाले, त्याचे श्रेय एकट्या मण्यांना देणे योग्य होणार नाही. औषध, शिक्षण आणि गावकऱ्यांचा विश्वास यांचाही त्यात वाटा आहे. पण आपल्या गावासाठी नांगर, चूल किंवा पाण्याचे गाळणे सुधारावयास निघालेल्या प्रत्येकाने येथून एक गोष्ट घ्यावी. नमुना लवकर करावा, स्वस्त करावा, आणि जिला तो वापरावयाचा आहे तिच्या हाती प्रथम द्यावा. तिला तो जमला नाही, तर दोष आधी नमुन्यात शोधावा.

आणि ८२ हा आकडा ऐकून समाधान वाटले, तरी राहिलेली १८ मुले विसरता येत नाहीत. त्यांच्यासाठी टाके पुन्हा उसवावे लागतात.