शनिवारी थांबणारा घाणा

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बेने इस्रायल हा ज्यू समाज आपला कोकणातला उगम असा सांगतो. पोथ्या समुद्राने नेल्या, हिब्रू विस्मरणात गेली, ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली. रोहेकर, पेणकर, झिराडकर अशी आडनावं लावणाऱ्या या मराठी माणसांनी मग आपला धर्म जपला तरी कशात? उत्तर त्यांच्या घरातल्या रोजच्या वस्तूंत आहे.

त्यातली सगळ्यात ठसठशीत वस्तू म्हणजे तेलाचा घाणा. भलीमोठी उखळी, तिच्यात तिरपी रोवलेली लाट आणि झापड बांधून गोल फिरणारा बैल. घाण्यातून तेल निघतं, पेंड गुरांना जाते. कोकणात तेली पुष्कळ होते, पण यांचा घाणा शनिवारी बंद असायचा. त्यावरून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. शब्बाथ हा ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीचा शब्द गावाला ठाऊक नव्हता. थांबलेला घाणा मात्र सगळ्यांना दिसत होता.

रांजणावरचं पंचांग

सणांची जुनी नावं तर थेट स्वयंपाकघरातून आलेली. इजिप्तमधून झालेल्या सुटकेचा सण पेसाह म्हणजे ‘अनाशी ढाकाचा सण’. अनास हे आंबट कालवण. त्याचा रांजण या सणात झाकून ठेवायचा. आंबवलेलं काही खायचं नाही, हा मूळ नियम एका झाकणात मावला. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’, कारण तो सोडताना वालाचं बिरडं असे. योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, घराची दारं लागत, म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’. या समाजाचा इतिहास लिहिणाऱ्या हाईम सॅम्युएल केहिमकरांनी हे सारं नोंदवून ठेवलं. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३७ साली तेल अवीवला छापलं गेलं.

शब्बाथच्या पेल्यातही कोकणच. वाइन मिळायची नाही, तेव्हा काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्यांचं सरबत करायचं आणि त्यावर आशीर्वाद म्हणायचा. दिव्यासाठी काचेचा पेला टांगायचा: खाली पाणी, वर तेल, तेलावर वात. नवस फेडायचा तर मलिद्याचं ताट: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि फळं. हे ताट एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने भरतात. अलिबाग तालुक्यातल्या सागावला खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापांची खूण दाखवतात.

पुस्तकं पुढे पुन्हा हाती आली, तीही मराठी वळणाने. १८७४ साली पुण्यात छापलेली हिब्रू-मराठी हग्गादा पाहा. पेसाहच्या रात्री वाचायच्या या पुस्तकातल्या एका चित्रात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराची भाकर करताना दिसतात. इजिप्तमधून सुटकेची गोष्ट, आणि बैठक आपल्या माजघरातली!

पेटीत काय न्यायचं

अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन आबोथ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८४८ सालापासून आहे; १९१० साली ते नव्याने बांधलं. समाजाच्या जुन्या बोलीत सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत. १९४८ नंतर घरं एकेक करून इस्रायलकडे निघाली. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद इथे मराठी बोलली जाऊ लागली. महाराष्ट्राने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर इथे उरले होते थोडेच हजार. जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियमने १९९५ साली भारतातल्या ज्यूंवर मोठं प्रदर्शन मांडलं, तेव्हा कोकणातल्या या घरांच्या चालीरीतींनाही त्यात जागा मिळाली.

लहान समाजाचा वस्तुसंग्रह पाहताना आपण चांदीसोनं शोधतो. इथे खरा दस्तऐवज रांजणाचं झाकण आहे, मनुकांचा पेला आहे. मात्र अशी वस्तू एकटी ठेवली की मुकी होते. संग्रहात ठेवलेला घाणा आठवड्याचे सातही दिवस थांबलेलाच असतो. तो एके काळी फक्त शनिवारी थांबायचा, एवढं तरी शेजारच्या पाटीवर लिहिलेलं हवं. ते नसेल तर उरतं नुसतं लाकूड.