मन भटकलं, हे कळलं?

हातात एकच बेदाणा घ्यायचा. उजेडात धरून निरखायचा, त्याच्या सुरकुत्यांवरून बोट फिरवायचं, कानाजवळ नेऊन हळूच दाबायचा, वास घ्यायचा. मग जिभेवर ठेवायचा, पण चावायचा नाही. चावायची पाळी येईपर्यंत काही मिनिटं सहज जातात. तासगावचे बेदाणे मूठमूठ तोंडात टाकणाऱ्याला हा सगळा पोरखेळ वाटेल. पण अनेक देशांतल्या रुग्णालयांमध्ये शिकवल्या जाणाऱ्या माइंडफुलनेसच्या, म्हणजे सजगतेच्या, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाची सुरुवात याच बेदाण्याने होते. तो खाताना एरवी आपलं लक्ष भलतीकडेच असतं, एवढं उमगलं की पहिला धडा झाला.

लक्ष नेमकं किती वेळ भलतीकडे असतं? हार्वर्ड विद्यापीठातल्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी हे मोजलं. त्यांनी २,२५० प्रौढांना दिवसातून अवेळी मोबाइलवर गाठून विचारलं, आत्ता काय करताय, मन कुठे आहे, आणि बरं वाटतंय का? २०१०मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेलं उत्तर असं होतं की जागेपणीच्या जवळजवळ ४७ टक्के नोंदींत मन हातातल्या कामावर नव्हतं. भटकणारी माणसं तुलनेने नाखूशही होती. आणि गंमत म्हणजे, मन एखाद्या सुखद गोष्टीकडे भटकलं तरी माणूस समोरच्या कामात असतानापेक्षा अधिक आनंदी नव्हता. मनातल्या मनात गोव्याला जाऊन आल्याने फार काही पदरात पडत नाही, असं म्हणायला हरकत नाही.

रुग्णालयापर्यंत ही गोष्ट पोचली ती जॉन कबाट-झिन यांच्यामुळे. एमआयटीतून रेण्वीय जीवशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या या माणसाने १९७९मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, वूस्टर इथे, तणाव कमी करण्याचा हा अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टरांकडचे उपाय संपले तरी ज्यांचं जुनाट दुखणं संपलं नव्हतं, असे रुग्ण त्यांच्याकडे येऊ लागले. आठवड्यातून एक वर्ग आणि घरी रोज सुमारे पाऊण तास सराव, असा शिरस्ता होता. देवधर्माचा उल्लेख त्यांनी जाणीवपूर्वक बाजूला ठेवला.

मूळ मात्र बुद्धाच्या परंपरेतलंच होतं. कबाट-झिन यांना ही कल्पना सुचली ती त्याच राज्यातल्या बॅरी गावच्या विपश्यना केंद्रात ध्यानाला बसले असताना. त्या केंद्राच्या संस्थापकांपैकी जोसेफ गोल्डस्टीन आणि शॅरन साल्झबर्ग हे दोघे बोधगयेत सत्यनारायण गोएंका यांच्याकडे शिकले होते. ब्रह्मदेशात वाढलेले, तीव्र अर्धशिशीने बेजार होऊन ध्यानाकडे वळलेले हे व्यापारी गोएंका १९६९मध्ये भारतात आले आणि त्यांनी आपलं पहिलं शिबिर मुंबईत घेतलं. पुढे त्यांनी इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभारलं. कसारा घाट चढून दहा दिवसांचं मौन पाळायला जाणारे साधक आणि वूस्टरचे रुग्ण असे दूरचे नातेवाईकच ठरतात.

इगतपुरीत पहाटे चारला घंटा होते. पहिले तीन दिवस काम एकच, नाकपुड्यांपाशी जाणाऱ्या-येणाऱ्या श्वासाकडे बघत राहायचं. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही. वाचायला सोपं आहे, पण बसल्यावर मिनिटभरात मन घरच्या गॅसवर, राहिलेल्या हप्त्यावर, दहा वर्षांपूर्वीच्या भांडणावर जाऊन पोचतं. नवखे इथेच हताश होतात. मन कोरं व्हायला हवं होतं आणि ते होत नाही, असं त्यांना वाटतं. पण कोरं मन मुळात कुणी मागितलेलंच नसतं. मन गेलं हे ध्यानात येणं आणि चरफड न करता त्याला परत आणणं, एवढाच व्यायाम आहे. तासाभरात शंभर वेळा आणावं लागलं, तर तेवढा सराव झाला.

याचा सर्वांत ठोस उपयोग नैराश्यात दिसला. जॉन टीझडेल, मार्क विल्यम्स आणि झिंडेल सीगल यांनी सजगतेला विचारपद्धतीवरच्या उपचारांची जोड दिली. एकदा नैराश्य येऊन गेलेल्या माणसाला साधी उदासी आली, तरी ‘झालं, आपण कामाचेच नाही’ ही जुनी साखळी सुरू होते. त्या साखळीची पहिली कडी वेळीच ओळखायला शिकवायचं, असा हा उपाय आहे. २०००मधल्या त्यांच्या चाचणीत, तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आलेल्यांपैकी नेहमीचे उपचार घेणाऱ्या ६६ टक्के लोकांचा आजार उलटला. हे प्रशिक्षण घेतलेल्यांत ते प्रमाण ३७ टक्के होतं. दोनदाच नैराश्य आलेल्यांना मात्र असा फायदा झाला नाही. हा तपशील जाहिरातींत सापडत नाही.

जाहिराती भरपूर आहेत. माइंडफुलनेसची ॲप आहेत, रंगकामाची पुस्तकं आहेत. कर्मचाऱ्याला बारा तास राबवून वर ध्यानाचं सत्र भेट देणाऱ्या कंपन्याही आहेत, आणि त्यांनी आधी कामाचे तास बघावेत. २०१४मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा अल्प ते मध्यम स्वरूपाचा परिणाम दिसला, पण व्यायाम किंवा औषधांपेक्षा ते सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांवर मोठा प्रयोग झाला. ८५ शाळा, आठ हजारांहून अधिक मुलं. २०२२मध्ये निष्कर्ष आला तेव्हा हे धडे शाळेत एरवी शिकवल्या जाणाऱ्या गोष्टींपेक्षा अधिक उपयोगी ठरले नव्हते. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता, आणि सरावाशिवाय यात काही हाती लागत नाही.

सुरुवात करायची तर खर्च शून्य आहे. सकाळचा पहिला चहा मोबाइल बाजूला ठेवून प्यावा, किंवा लोकलमध्ये एका स्थानकापासून पुढच्या स्थानकापर्यंत श्वास बघावा. दीर्घ शिबिराचं मात्र वेगळं आहे. तासन् तास मौनात बसल्यावर काहींची भीती, जुने आघात उफाळून येतात. ब्राउन विद्यापीठाच्या विलोबी ब्रिटन यांनी अशा अनुभवांच्या नोंदी केल्या आहेत. मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला आणि गोळ्या मनाने बंद करू नका. शिबिराच्या अर्जात आजार आणि औषधांची माहिती विचारलेली असते, ती खरी भरा.