हंसिणीचं बाळंतपण

मैत्रिणींनो, लेकीच्या बाळंतपणाला इंग्लंडात गेले आणि एक नव्हे, दोन बाळंतपणं पाहून आले! दुसरं होतं घराजवळच्या तळ्यातल्या हंसिणीचं.

एप्रिलमध्ये जोडप्याने लव्हाळ्यांच्या काड्या रचून ऐसपैस घरटे केले. साधारण एक दिवसाआड एक, अशी सहा अंडी झाली. मग हंसीण जी ठाण मांडून बसली, ती ३५-३६ दिवस! खाण्यापुरती उठे तेवढीच. नर पहाऱ्यावर. कुणी जवळ आले की पंख अर्धवट उभारून फिस्कारत अंगावर येई.

आता माझा गाढवपणा सांगते. अंड्यांचा फोटो हवाच, म्हणून जावयांचा कॅमेरा घेऊन मी लव्हाळ्यांत शिरले. हंसीण घाबरून उठली. गार वाऱ्यात अंडी उघडी पडली. मागून लेक ओरडली, "आई, मागे ये! फोटोपायी अंडी गारठतील त्यांची!" पोटुशी लेक असे बोलली आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. घरटे मोडणे, अंडी उचलणे हा तिथे १९८१च्या कायद्याने गुन्हाच आहे. पण मला लाजवले ते लेकीच्या शब्दांनी.

त्यानंतर पायवाट सोडली नाही. तुम्हीही परदेशी मुलांकडे गेलात, किंवा आपल्याच गॅलरीत बुलबुलाने घरटे केले, तर एवढे पाळा. फोटो लांबूनच काढा, फ्लॅश नको. पक्षी बावरला की आपण मागे सरावे. सकाळच्या कोवळ्या उन्हात पिसे छान उठून दिसतात; दुपारी नुसती भगभगीत येतात. मोबाइल असेल तर पांढऱ्या पिसांवर बोट टेकवून उजेड जरा कमी करा. पिलांसाठी खाली बसा, म्हणजे त्यांचे डोळे दिसतात. आणि बुरशी आलेला पाव पाण्यात टाकू नका, बरं का!

मेअखेर करड्या रंगाची पाच पिले बाहेर आली. दुसऱ्या दिवशी पाण्यातही उतरली! दमली की आईच्या पाठीवर, पंखांच्या उबेत. सहावे अंडे मात्र तसेच राहिले. "एखादं राहतंच गं आई," लेक म्हणाली. पण माझी चुटपुट गेली नाही.

पाठीवरच्या पिलांचा फोटो आज नातवाच्या पाळण्याशेजारी आहे. अंड्यांचा फोटो मी काढलाच नाही. त्याचीच खरी गरज नव्हती.