पृथ्वीच्या पोटातील वितळलेले लोखंड

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून नगरवासी आनंदले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेत मात्र चिंता पसरली. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मापन चाले. ट्रामच्या विद्युत्प्रवाहाने चुंबकसूच्या विचलित होणार होत्या आणि दीर्घ तपश्चर्येने जमविलेली नोंदमाला खंडित होणार होती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची निवड केली. चुंबकत्वाचा लवलेश नसलेला पोरबंदरी दगड पारखून तेथे इमारत उभी राहिली. १९०४ पासून दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापन झाले, जुने आकडे नव्याशी ताडून पाहिले गेले आणि १९०६ मध्ये कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. ट्राम १९०७ मध्ये धावली. आज ती ट्राम नाही. अलिबागची नोंद चालूच आहे.

एवढ्या निष्ठेने मोजायचे तरी काय? तर आपल्या पायांखाली २,९०० किलोमीटरवर सुरू होणाऱ्या द्रवरूप लोखंडाच्या महासागराचे स्पंदन. तेथील उष्णता सुमारे चार हजार अंश सेल्सियस, आणि दाब आपल्या वातावरणाच्या तेरा लाख पटींहून अधिक. त्याहून खाली, ५,१५० किलोमीटरपलीकडे, उष्णता वाढते. तरीही तेथील लोखंड घनरूप आहे! हा आंतरगाभा इंगे लेहमान या डॅनिश विदुषीने १९३६ मध्ये भूकंपलहरींवरून ओळखला.

आमच्या भगिनींना हे कोडे अवघड वाटू नये. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी शंभर अंशांना न उकळता १२० अंशांच्या आसपास उकळते. तसाच दाब वाढला की लोखंडाचा वितळणबिंदूही वर सरकतो. भूपृष्ठावर १,५३८ अंशांना वितळणारे लोखंड तेहतीस लाख पट दाबाखाली पाच हजार अंशांनाही वितळत नाही.

प्रयोगशाळेत असा दाब निर्माण करण्यास हिरा वापरतात. दोन हिऱ्यांच्या बारीक टोकांमध्ये लोखंडाचा सूक्ष्म कण दाबून त्यावर लेसरचा झोत सोडतात. हिऱ्याच्या व्यापारात ज्यांची हयात गेली, त्यांनाही आपल्या मालाचा हा उपयोग कौतुकास्पद वाटेल. अर्थात असे हिरे कधीकधी प्रयोगातच फुटतात, हे ऐकून त्यांचा जीव कळवळेल, ते वेगळे!

लोहचुंबक ७७० अंशांपुढे आपले चुंबकत्व गमावतो. तेव्हा पृथ्वीच्या पोटात प्रचंड लोहचुंबक पुरलेला असणे शक्य नाही. गाभा सावकाश निवतो, त्यामुळे द्रव लोखंड वर-खाली घुसळले जाते. पृथ्वीच्या परिवलनाने त्या प्रवाहास वळण मिळते. वीजवाहक धातू अस्तित्वातील चुंबकीय क्षेत्रातून वाहिला की वीज उत्पन्न होते, आणि ती वीज ते क्षेत्र टिकवून धरते. या प्रवाहाचा वेग वर्षाला अवघा दहा-वीस किलोमीटर, पण सूर्याकडून येणाऱ्या विद्युत्भारित कणांना थोपविणारे कवच त्यातूनच उभे राहते. २ सप्टेंबर १८५९ रोजी प्रचंड सौरवादळाने ते कवच हादरले. कुलाब्याच्या उपकरणांनी त्याची नोंद घेतली.

पुणेकरांना याचा पुरावा शोधण्यास अलिबागलाही जावे लागत नाही. पर्वती, वेताळ टेकडी यांचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. निवताना त्यातील लोहकणांनी तत्कालीन चुंबकीय दिशा धारण केली. सह्याद्रीच्या अनेक थरांत ती दिशा आजच्या उलट आढळते, कारण गाभ्यातील प्रवाहांनी त्या काळी ध्रुवांची अदलाबदल केलेली होती. अशी शेवटची अदलाबदल सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली.